साखरेची पुडी बदलण्याआधी

प्रति,
माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, वाशीम

महोदय,

अंगणवाडी, प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या तिन्हींच्या फायली ज्या एका टेबलावर येतात, ते टेबल आपलं आहे. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे. विषय आहे आपल्या सहा तालुक्यांतल्या मुलांचे दात. पत्र उघडं ठेवते आहे, कारण त्यातला बराचसा मजकूर पालकांनी आणि गुरुजींनीही वाचावा असा आहे.

मी या जिल्ह्यात दातांचा दवाखाना चालवते. अलीकडे शिकलेले पालक एक प्रश्न हमखास विचारतात: ‘डॉक्टर, साखर बंद करून ते नैसर्गिक झायलिटॉल दिलं तर पोराचे दात वाचतील का?’ काही जण मोबाइलवर पाकिटाचा फोटोही दाखवतात. उद्या एखादी संस्था किंवा कंपनी असाच प्रस्ताव घेऊन आपल्याकडेही येईल: शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज एक गोळी, दात किडणार नाहीत, वर फोटोही छान येतील. त्या प्रस्तावावर सही करण्याआधी त्यातलं खरं किती आणि आपल्या जिल्ह्याला लागू पडणारं किती, हे आपल्यासमोर मांडावं असं वाटलं.

आधी खरं ते सांगते. झायलिटॉल ही भूलथाप नाही. १८९०-९१ च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशर आणि फ्रान्समध्ये गॅब्रिएल बर्ट्रांड या दोघांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. चवीला ते साखरेइतकंच गोड. ग्रॅममागे उष्मांक मात्र साखरेच्या चारऐवजी सुमारे अडीच. काही फळांत आणि भाज्यांत ते थोडंसं असतं. बाजारात मिळतं ते बर्च झाडाच्या लाकडातून किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांतून कारखान्यात तयार केलेलं. दातांशी त्याचा संबंध जुळला तो फिनलंडमध्ये. तिथल्या तुर्कू शहरात १९७० च्या दशकात आर्ये शाइनिन आणि काउको मॅकिनेन यांनी १२५ जणांचे तीन गट केले. दोन वर्षं एका गटाने साखर घातलेले पदार्थ खाल्ले, दुसऱ्याने फ्रुक्टोज घातलेले, तिसऱ्याने झायलिटॉल घातलेले. झायलिटॉलच्या गटात नवी कीड साखरेच्या गटापेक्षा कितीतरी कमी निघाली. १९७५ मध्ये त्या देशात झायलिटॉलचं च्युइंगगम दुकानात आलं. पुढे १९८९ ते १९९३ या काळात मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात हजाराहून अधिक शाळकरी मुलांवर मोठी चाचणी झाली. तिच्यातही झायलिटॉलचं गम चघळणाऱ्या मुलांचे दात सर्वांत चांगले राहिले.

हे घडतं कसं? दात साखर किडवत नाही; साखर खाणारे जीवाणू किडवतात. त्यांतला मुख्य म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. दातावर साचलेल्या चिकट थरात तो राहतो, आपण खाल्लेली साखर पचवतो आणि आम्ल सोडतो. त्या आम्लाने दातावरच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळतं. मग लाळ येऊन आम्ल धुते आणि गेलेले क्षार थोडेथोडे परत बसवते. या दुरुस्तीला अर्धा-पाऊण तास लागतो. झायलिटॉल मात्र या जीवाणूला पचवता येत नाही. तो ते आत ओढून घेतो, त्यासाठी ताकद खर्च करतो, पण हाती काही लागत नाही आणि आम्लही तयार होत नाही.

महोदय, या पत्रात मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. झायलिटॉलच्या शास्त्राने शिकवलेली गोष्ट अशी: जीवाणूला खायला मिळालं नाही की दात सुटतो. ती अमलात आणायला झायलिटॉलचा एक कणही विकत घ्यावा लागत नाही. मुलाच्या तोंडात साखर दिवसातून किती वेळा जाते, एवढं मोजलं तरी अर्धं काम होतं.

किती ग्रॅम गेली यापेक्षा किती वेळा गेली याला इतकं महत्त्व का, ते स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेतल्या प्रयोगाने दाखवलं. १९४५ पासून काही वर्षं चाललेल्या त्या प्रयोगात मतिमंद रुग्णांना, त्यांची संमती न घेता, वेगवेगळ्या प्रकारे साखर खाऊ घातली गेली. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून निघालेला निष्कर्ष नंतर वारंवार खरा ठरला: जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने दातांचं फारसं बिघडलं नाही, जेवणांच्या मधल्या वेळात खाल्लेल्या चिकट टॉफीने दात भराभर किडले.

आता आपल्याकडचा दिवस बघा. सकाळी उठल्यावर साखरेचा चहा, त्यात बुडवून बिस्किट किंवा टोस्ट. शाळेच्या वाटेवर एक-दोन रुपयांची गोळी. दुकानदाराकडे सुट्टे नसले की उरलेल्या पैशांचं चॉकलेट. कुणाचा वाढदिवस असला की वर्गभर गोळ्या. शाळा सुटल्यावर प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट. खोकला झाला की झोपताना गोड सिरप, आणि लहान बाळ रडलं की दुधाच्या बाटलीत साखर. हंगामात आई-बाप कामाला बाहेरगावी गेलेले असले तर लेकरू आजीजवळ असतं. रडणाऱ्या नातवाला शांत करायला आजीजवळ बिस्किटाच्या पुड्याशिवाय दुसरं काय असणार? यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण प्रत्येक वेळी दातावर आम्लाचा नवा फेरा सुरू होतो आणि लाळेची दुरुस्ती अर्धवट राहते. असे सात-आठ फेरे रोज झाले, तर गोड एकूण थोडंच खाणाऱ्या मुलाचाही दात टिकणार नाही.

याउलट पोळ्याची पुरणपोळी, तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्यातला खाऊ, होळीची साखरगाठी, संक्रांतीचा तिळगूळ यांना दातांचे शत्रू ठरवण्याचं काहीच कारण नाही. सणाचं गोड सणापुरतं खाल्लं जातं आणि संपतं. पोरं सणाने बिघडत नाहीत, रोजच्या पुड्यांनी बिघडतात.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दलही पालकांना चार गोष्टी सांगायला हव्यात. गूळ नैसर्गिक, मध नैसर्गिक, खडीसाखर आजीच्या बटव्यातली. पण दातावरच्या जीवाणूला या तिन्हींत आणि साखरेत काहीच फरक दिसत नाही. बाळाच्या चोखणीला मध लावणं तर दुहेरी धोक्याचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, कारण मधातून होणारी विषबाधा त्या वयात जिवावर बेतू शकते. उलट दाताला निरुपद्रवी असलेलं झायलिटॉल बऱ्याच रासायनिक प्रक्रियांनंतर पाकिटात येतं. तेव्हा पदार्थ कुठून आला यापेक्षा तोंडात गेल्यावर त्याचं काय होतं, हेच बघावं.

मग झायलिटॉलच का वाटू नये? कारणं सांगते.

पहिलं, पुरावा जितका गाजला तितका भक्कम नाही. जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेचा आढावा २०१५ मध्ये आला. कोस्टारिकातल्या ४,२१६ मुलांच्या दोन चाचण्यांवरून त्यात एवढंच म्हटलं आहे की फ्लोराइडच्या टूथपेस्टमध्ये दहा टक्के झायलिटॉल घातलं, तर नुसत्या फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा अडीच-तीन वर्षांत कीड सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते. आणि हा पुरावाही कमी दर्जाचा आहे, असं त्याच आढाव्यात नोंदलं आहे. गोळ्या, गम, सिरप यांच्याबद्दल ठाम काही सांगावं इतका पुरावा त्यांना सापडला नाही. शिवाय गम चघळल्याने लाळ सुटते आणि लाळ स्वतःच दात वाचवते. तेव्हा श्रेय झायलिटॉलचं किती आणि चघळण्याचं किती, हा प्रश्न उरतोच.

दुसरं, मात्रा. परिणाम दिसलेल्या अभ्यासांत रोज साधारण सहा ते दहा ग्रॅम झायलिटॉल, दिवसातून तीन किंवा अधिक वेळा विभागून दिलेलं होतं. एका गोळीत ते फार तर एखाद ग्रॅम असतं. म्हणजे रोज एक गोळी वाटून फोटो निघेल, दात वाचणार नाही. कमीत कमी सहा ग्रॅम धरले आणि शाळेचे दिवस दोनशे धरले, तर एका मुलाला वर्षाला १.२ किलो लागेल; शंभर मुलांच्या शाळेला १२० किलो. साखरेच्या कितीतरी पट महाग असलेल्या वस्तूचा हा हिशेब जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना लावून बघावा.

तिसरं, सोय आणि सुरक्षितता. पाच वर्षांखालच्या मुलाला गम देता येत नाही, घशात अडकण्याची भीती असते. एकदम जास्त खाल्लं तर पोटात गुडगुड होते, जुलाब लागतात. ज्या शाळेच्या संडासात पाण्याची मारामार आहे तिथे ही छोटी गोष्ट नाही. कुत्र्याला तर झायलिटॉल विषासारखं आहे, त्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरते. आपल्या शाळांच्या आवारात दुपारच्या खिचडीच्या वेळी कुत्री घुटमळत असतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या रक्तातलं झायलिटॉलचं प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवला. त्यावरून मुलांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण हजारो मुलांना रोज द्यायच्या वस्तूबद्दल इतकी तरी सावधगिरी हवीच.

झायलिटॉलला माझा विरोध नाही. ज्याला परवडतं, ज्याचं मूल मोठं आहे, त्याने जेवणानंतर झायलिटॉलचं गम जरूर द्यावं. साखरेच्या गोळीपेक्षा ते केव्हाही बरं. आपल्याकडे त्याचा एक उपयोग तर मला मोलाचा वाटतो, पण तो मुलांसाठी नाही, आयांसाठी आहे. म्युटन्स जीवाणू बाळाच्या तोंडात जन्मतः नसतो. तो बहुतेक वेळा आईकडून येतो: तिच्या तोंडातला चमचा बाळाच्या तोंडात, तिने चावून मऊ केलेला घास बाळाला. फिनलंडमधल्या अभ्यासात बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत झायलिटॉलचं गम चघळणाऱ्या आयांच्या मुलांत हा जीवाणू उशिरा आणि कमी प्रमाणात पोचला. गम परवडणार नसेल तरी धडा तोच: बाळंतपणाआधी आईच्या किडलेल्या दाढांवर उपचार झाले, तर तो बाळाच्याही दातांवरचा उपचार ठरतो. गरोदर बाईची रक्ततपासणी आपली आरोग्य केंद्रं न चुकता करतात. त्याच दिवशी तिचं तोंड उघडून बघायला दोन मिनिटं लागतील.

उद्या झायलिटॉल स्वस्त झालं तर गणित बदलेलही. गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये उसाच्या चिपाडापासून, ध्वनिलहरींच्या मदतीने आंबवून, कमी वेळात झायलिटॉल काढण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे शेतात जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाटीतही ज्यापासून झायलिटॉल बनतं तो झायलान हा पदार्थ असतो. ते दिवस येतील तेव्हा येवोत. पहिलीतल्या लेकराच्या दाढेला तेवढी उसंत नाही.

पहिलीचंच नाव मुद्दाम घेतलं. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, वर-खाली दोन्ही बाजूंना, एकेक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळतच नाही. ‘दुधाचीच असेल, पडून जाईल’ असं म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ही दाढ कायमची असते. माणूस साठ वर्षं जिच्यावर भाकर चावणार ती ही. नवीन असताना तिचं कवच पूर्ण पक्कं झालेलं नसतं आणि खाचा खोल असतात. माझ्या दवाखान्यात आठ-नऊ वर्षांच्या मुलांची ही दाढ मुळापर्यंत गेलेली मी नेहमी पाहते.

दुधाचे दातही ‘पडणारेच’ म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. किडक्या दाढेने मूल एका बाजूने खातं, कडक भाकर टाळतं, मऊ बिस्किट मागतं, रात्री झोपत नाही आणि दुसऱ्या दिवशी शाळेत डुलक्या घेतं. वजन वाढत नाही म्हणून अंगणवाडीच्या वहीत त्याच्या नावापुढे खूण होते. पण त्याच्या तोंडात बघायचं कुणाला सुचत नाही. पू झाला की गालावर सूज, ताप आणि मग बाजारात बसणाऱ्या वैदूकडे धाव. अजूनही काही गावांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला ‘किडा’ काढून दाखवतात. दातात किडा नसतोच, पण धुरी दिलेल्या त्या मुलाला आमच्याकडे यायला आणखी आठवडा उशीर होतो.

हा प्रश्न किती मोठा आहे? २००२-०३ च्या राष्ट्रीय दंत आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्यांपैकी ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. आपल्या जिल्ह्याला मात्र आपला स्वतःचा आकडा हवा. तो काढणं आपल्याच हातात आहे, आणि ते कसं ते पुढे सांगते.

आता स्वस्त आणि सिद्ध उपायाकडे येते. तो म्हणजे फ्लोराइड असलेली टूथपेस्ट आणि दिवसातून दोनदा ब्रश. फ्लोराइड दाताच्या कवचात बसतं आणि ते आम्लाला सहजी दाद देत नाही; लाळेच्या दुरुस्तीलाही त्याची मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्या देशात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड चालतं. पालकांनी डब्यावर तो आकडा वाचावा, कारण ‘वनस्पतींची’ म्हणून खपणाऱ्या अनेक पेस्टमध्ये आणि लाल मंजनात फ्लोराइड नसतं. राखुंडीने दात घासून झिजतात आणि मिश्रीने तर लहानपणीच तंबाखूची सवय लागते. कडुलिंबाच्या काडीला माझी हरकत नाही. पण तिच्यात फ्लोराइड नाही, हे लक्षात असू द्यावं.

इथे एक रास्त शंका येते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडले, हाडं वाकली. मग आपण तेच फ्लोराइड दातांना लावायचं? पाण्यातलं फ्लोराइड रोज लिटरांनी पोटात जातं. पेस्टमधलं दाताला लावून थुंकायचं असतं. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि मोठ्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. तरीही जिथे पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड आढळलं असेल, त्या गावात आधी पिण्याच्या पाण्याची सोय करायची आणि मुलांचं ब्रश मोठ्यांच्या नजरेखाली करून घ्यायचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे गावनिहाय निकाल जिल्ह्यात उपलब्ध असतात. ते शाळांच्या यादीशेजारी ठेवले की काम झालं.

आता शाळेचा हिशेब. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. दोनशे दिवस रोज एकदा म्हणजे वर्षाला पन्नास ग्रॅम. शंभर मुलांच्या शाळेला वर्षाला पाच किलो पेस्ट. वर काढलेला झायलिटॉलचा आकडा १२० किलो होता. पुरावा पेस्टचा भक्कम आणि खर्च तिचा कमी. निवड याहून सोपी कुठली असेल?

हे कागदावरचं स्वप्न नाही. फिलिपाइन्समध्ये सरकारी शाळांतली मुलं रोज रांगेत उभी राहून हात धुतात आणि एकत्र ब्रश करतात. वर्षातून दोनदा जंताच्या गोळ्याही त्याच कार्यक्रमात मिळतात. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ या नावाने बालवाड्यांत रोज शिक्षिकांसमोर ब्रश करून घेतलं जातं. या कामाचा खर्च आणि मुलांच्या दातांवरच्या उपचारांत वाचलेला पैसा यांचा ताळा तिथल्या अभ्यासकांनी घातला, तेव्हा बचत खर्चापेक्षा जास्त निघाली. आपल्या राज्यानेही २०२३ मध्ये ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू केलं आणि सचिन तेंडुलकर यांना त्याचे सदिच्छादूत केलं. दातांचा विषय सरकारच्या नजरेत आला, हे चांगलंच झालं. पण पोस्टरवरच्या सचिनने कुणाच्या हातात ब्रश येत नाही. ते काम जिल्हा परिषदेचं आहे.

‘उन्हाळ्यात टँकरचं पाणी, ब्रशला कुठून आणायचं?’ असं गुरुजी विचारतील. उत्तर त्यांना आवडेल. शाळेतल्या ब्रशला जवळजवळ पाणी लागतच नाही. पेस्ट लावायची, दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा. खळखळून चूळ भरायची नाही. चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं, म्हणून न भरणंच जास्त चांगलं. ब्रश धुवायला पेलाभर पाणी पुरे. पोषण आहारानंतर मुलं हात धुतातच, तिथेच ही पाच मिनिटं बसतात. ब्रश शाळेतच, नाव घालून, एकमेकांना टेकणार नाहीत असे खाचांच्या फळीत ठेवायचे आणि तीन-चार महिन्यांनी बदलायचे.

तपासणीसाठीही नवी यंत्रणा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरमधून, सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. दंतक्षय त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेच. अडचण पुढे येते. मुलाच्या कार्डावर ‘दंतक्षय, संदर्भित’ असं लिहिलं जातं आणि गाडी पुढच्या गावाला निघते. ग्रामीण रुग्णालयात मुलाला घेऊन जायचं म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी आणि भाडं. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तर तो जाणारच नाही. ‘संदर्भित’ म्हणून लिहिलेल्या मुलांपैकी उपचार किती जणांवर झाले, हा रकाना त्या अहवालात ठळक हवा.

आणि उपचार शाळेपर्यंत नेता येतो. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रावण आहे. किडलेल्या जागेवर त्याचा एक थेंब लावला, की बहुतेक दातांत कीड तिथेच थांबते. सुई नाही, ड्रिल नाही, वीज नाही. काम एका मिनिटाचं. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. तेही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत २०२१ पासून आहे. त्याने किडलेली जागा काळी पडते. हे आईबापांना आधी दाखवून, त्यांची संमती घेऊनच ते लावलं पाहिजे. मागच्या दुधाच्या दाढांवर या काळ्या डागाची बहुतेकांना हरकत नसते. समोरच्या दातांबाबत निर्णय त्यांच्यावर सोडावा. ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याने महिन्यातला एक दिवस केंद्रशाळेत घालवला, तर आजूबाजूच्या चार-पाच शाळांची मुलं तिथे आणता येतील. ज्याला दाढ काढण्याची किंवा मुळावरच्या उपचाराची गरज आहे, तेवढंच मूल पुढे पाठवायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. त्याच्या रुग्णालयातल्या दंतविभागाची साथ या कामाला मागता येईल.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा:

१. येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक तालुक्यातल्या एका केंद्रातल्या सर्व अंगणवाड्या आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत पोषण आहारानंतर रोज फ्लोराइड पेस्टने ब्रश सुरू करावा. ब्रश आणि पेस्ट जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून घ्यावी. एखाद्या कंपनीच्या जाहिरातीच्या बदल्यात नको.

२. बाल स्वास्थ्य पथकांनी पहिलीच्या प्रत्येक मुलाच्या सहाव्या वर्षीच्या चारही दाढा स्वतंत्र नोंदवाव्यात. एका वर्षात जिल्ह्याचा स्वतःचा आकडा तयार होईल.

३. शाळेत वाढदिवसाला, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला गोळ्या-चॉकलेट वाटण्याऐवजी शेंगदाणे, फुटाणे, केळी किंवा हंगामातली बोरं, पेरू वाटावेत, असं परिपत्रक काढावं. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, म्हणजे कोणत्या पदार्थात साखर किती हे दाखवणारा फलक. तोच फलक मराठीत आणि बंजारा बोलीत जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर रंगवता येईल.

४. अंगणवाडीतून घरी जाणाऱ्या आहाराच्या पाकिटात साखर किती, हे आहारतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून तपासावं. सेविकांनी आयांना सांगावं, की ते जेवण म्हणून एका बैठकीत खाऊ घाला, दिवसभर हातात देऊ नका.

५. गरोदरपणाच्या तपासणीत दातांची तपासणी धरावी आणि किडलेल्या दाढांवर बाळंतपणाआधी उपचार व्हावेत.

६. केंद्रशाळेत महिन्यातून एक दिवस दंतवैद्य आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडची सोय करावी. संदर्भित केलेल्या मुलांपैकी किती जणांवर उपचार झाले याचा आकडा दर तिमाहीला स्थायी समितीच्या बैठकीत यावा.

आणि झायलिटॉलचा प्रस्ताव घेऊन कुणी आलंच, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत: दिवसाला किती ग्रॅम, किती वेळा, आणि किती वर्षं देणार? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तरीही आधी ब्रश सुरू झालेला आहे का ते बघावं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या. तोलून-मापून हे पाळणं आपल्या घरांत कठीण आहे. त्यापेक्षा सोपा नियम अंगणवाडीताई सांगू शकतील: गोड हवं असेल तर जेवणासोबत, मधल्या वेळात नाही, आणि रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नाही.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी निवडलेल्या केंद्रांची यादी आणि ब्रश-पेस्टच्या खरेदीचा आदेश निघाला, तर पहिल्याच आठवड्यात ब्रश सुरू करता येईल. शिक्षक आणि सेविकांना ब्रश कसा करून घ्यायचा हे दाखवायला मी आणि जिल्ह्यातले माझे काही सहव्यवसायी विनामूल्य येऊ. तारीख आणि केंद्रशाळा तेवढी कळवावी.

आपली विश्वासू,
वाशीम जिल्ह्यातली एक दंतवैद्य